पाण्यात बुडवलेला डोळा

प्रकाश लहरींच्या रूपाने प्रवास करतो हे दाखवणारा थॉमस यंग विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा असतो. इजिप्तमधल्या रोझेटा शिलालेखाची लिपी उलगडणाऱ्यांतही त्याचे नाव घेतले जाते. पण यंग पेशाने डॉक्टर होता. त्याने स्वतःच्या डोळ्यावर केलेल्या एका प्रयोगातले तत्त्व आज चष्म्याने न सुधारणाऱ्या डोळ्यांना दृष्टी देते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

यंगचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, मिल्व्हर्टन या गावी झाला. दहा भावंडांत तो थोरला. दुसऱ्या वर्षीच तो वाचू लागला होता, असे त्याचे चरित्रकार सांगतात. लंडन, एडिंबरा, गॉटिंगेन आणि केंब्रिज अशा चार ठिकाणी त्याचे शिक्षण झाले. लंडनमध्ये वैद्यक शिकत असताना, वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, त्याचा एक निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. प्रश्न साधा होता. दूरचे झाड पाहणारा डोळा क्षणात हातातले पुस्तक कसे वाचू लागतो? डोळ्याच्या आतले भिंग आकार बदलते म्हणून, असे यंगचे उत्तर होते. पुढच्याच वर्षी, १७९४ मध्ये, तो सोसायटीचा सदस्य झाला.

लवकरच काही नामवंतांनी वेगळे मत मांडले. जवळचे पाहताना डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, फुगतो असे त्यांचे म्हणणे होते. यंगने काही काळ आपले मत मागे घेतले, पण विषय सोडला नाही. नोव्हेंबर १८०० मध्ये तो त्याच सोसायटीपुढे पुन्हा उभा राहिला, तो पुरावा घेऊनच.

तो पुरावा असा होता. यंगने एका छोट्या सूक्ष्मदर्शकातले भिंग काढले आणि सुमारे पाच मिलिमीटर खोल खोबणीत बसवले. कडा मेणाने बंद केल्या. खोबणीत पाऊण भाग पाणी भरले आणि ती इवलीशी वाटी डोळ्याला अशी लावली, की कॉर्निया सगळीकडून पाण्याला टेकला.

याने काय साधले? विहिरीत बुडी मारून डोळे उघडले की सगळे धूसर दिसते, हे पोहणाऱ्यांना माहीत असते. डोळ्याच्या एकूण ताकदीपैकी सुमारे दोन-तृतीयांश ताकद कॉर्नियाची असते. पण ती हवेतून कॉर्नियात शिरताना किरण वाकतात म्हणून मिळते. पाणी आणि कॉर्निया प्रकाशाला जवळजवळ सारखेच वाकवतात. त्यामुळे समोर पाणी आले की कॉर्निया जणू उरतच नाही. यंगने कॉर्नियाला असे बाद केले, त्याची उणीव भिंगांनी भरून काढली आणि जवळ-दूर पाहून तपासले. नजर पूर्वीइतकीच जुळवून घेत होती. म्हणजे हे काम कॉर्नियाचे नव्हते, आतल्या भिंगाचेच होते.

याच अभ्यासात यंगला स्वतःच्या डोळ्यातला एक दोष सापडला. आडव्या आणि उभ्या दिशेचे किरण त्याच्या डोळ्यात एकाच अंतरावर जुळत नव्हते. आज आपण याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतो. पाणी लावल्यावरही हा दोष तसाच राहिला, म्हणून तो आतल्या भिंगात आहे असा निष्कर्ष त्याने काढला. बहुतेकांच्या बाबतीत हा दोष प्रामुख्याने कॉर्नियाच्या वेड्यावाकड्या गोलाईत असतो. यंगचा तसा असता, तर पाणी लावताच तो नाहीसा झालेला त्याला दिसला असता. उपचाराची वाट त्या वाटीतच होती. पण त्याचा डोळा नेमका वेगळा निघाला, शिवाय दोषाचा त्याला त्रासही नव्हता.

पुढे तो अनेक विषयांत रमला. डोळा तीनच मूळ रंगांवरून सगळे रंग ओळखतो, ही कल्पना त्याचीच. १८११ पासून मृत्यूपर्यंत तो लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉक्टर होता. १० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, तो गेला. पाण्याची ती वाटी रुग्णाच्या डोळ्याला लावण्याचे काम मागे राहिले.

ते पुढे नेणारेही डोळ्यांचेच डॉक्टर होते असे नाही. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८४५ मध्ये छापलेल्या लेखात, कॉर्निया बेढब असेल तर काचेच्या कवचात पारदर्शक जेली भरून ते डोळ्यावर बसवता येईल, असे सुचवले. प्रत्यक्षात ते १८८८ मध्ये आले. झुरिकच्या अडॉल्फ फिक या नेत्रतज्ज्ञाने काचेची कवचे आधी सशांच्या, मग स्वतःच्या आणि नंतर रुग्णांच्या डोळ्यांवर बसवली. मधल्या जागेत त्याने द्राक्षशर्करेचे द्रावण भरले. ही कवचे जड होती आणि काही तासच सहन होत. तरी यंगच्या प्रयोगानंतर जवळपास नव्वद वर्षांनी पाण्याचा तो थर रुग्णापर्यंत पोहोचला.

आजच्या स्क्लेरल लेन्सचे तत्त्व हेच आहे. ही लेन्स नाजूक कॉर्नियाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. आत मिठाचे निर्जंतुक द्रावण असते. कॉर्नियाचे खाचखळगे त्या थरात भरून निघतात आणि प्रकाशाला समोर लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. लेन्स आता काचेची नसते, तर प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या पदार्थाची असते.

तिचा सर्वांत मोठा उपयोग केराटोकोनस या आजारात होतो. यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. सरकारी रुग्णालयात असे रुग्ण आमच्याकडे येतात तेव्हा अनेकदा दोन वर्षांत तीन-चार चष्मे बदलून झालेले असतात. फळ्यावरचे दिसत नाही आणि घरी वाटते, पोरगा अभ्यास टाळतो. कॉर्निया रोपणानंतर नंबर वेडावाकडा राहिला असेल, औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेने डोळे कोरडे पडले असतील किंवा चुना डोळ्यात उडून इजा झाली असेल, तरीही ही लेन्स उपयोगी पडू शकते. केराटोकोनसमध्ये लेन्समुळे अनेकांची रोपणाची शस्त्रक्रिया टळते किंवा पुढे ढकलता येते.

मात्र लेन्स दृष्टी सुधारते, केराटोकोनस थांबवत नाही. आजार वाढत असेल तर क्रॉसलिंकिंग हा वेगळा उपचार लागतो आणि तो वेळेत झाला तरच फायदा. स्क्लेरल लेन्स महाग असते, सगळीकडे मिळत नाही आणि तज्ज्ञाकडून मापानेच बसवून घ्यावी लागते. ती नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये. पाण्यातले जंतू डोळा गमावण्याइतका संसर्ग करू शकतात.

मुलाचा नंबर वारंवार बदलत असेल, नव्या चष्म्यानेही स्पष्ट दिसत नसेल किंवा मूल सतत डोळे चोळत असेल, तर पुढचा चष्मा करण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून कॉर्नियाचा आलेख, म्हणजे टोपोग्राफी, करून घ्या. ही तपासणी वेदनारहित असते आणि काही मिनिटांत होते. डोळे चोळण्याची सवय मोडा, त्यामागे अॅलर्जी असेल तर तिच्यावर उपचार घ्या. चष्म्याने दिसत नाही म्हणजे आता काहीच दिसणार नाही, असे मात्र मानू नका.