रे. ना. वा. टिळक : तुकोबांचे एक ऋणी

टिळक म्हटले की लोकमान्यच डोळ्यांपुढे येतात. आम्ही सांगणार आहोत ते दुसरे टिळक, रेव्हरंड नारायण वामन. कुणी माळकरी लगेच विचारील, की अहो, जो आपला धर्म सोडून ख्रिस्ती झाला त्याचं चरित्र आपल्याला कशाला? प्रश्न वाजवी आहे. वाचकांनी आधी ऐकून घ्यावे, मग ठरवावे.

६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगावी त्यांचा जन्म झाला. नाशकास संस्कृत शिकले, १८८० साली लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. घरात पैसा म्हणून टिकत नसे; कुणी दुःखी दिसला की हातात असेल ते देऊन मोकळे! घरच्या माणसांची मात्र ओढाताण होई. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी धर्माची गोष्ट निघाली, आणि त्याने नवा करार वाचावयास दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचून मन हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे लक्ष्मीबाईंचे दुःख झाकून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही. नवरा जिवंत असता त्या माऊलीने लहान मूल घेऊन वर्षे कशी काढली, ते 'स्मृतिचित्रे' वाचणारांस ठाऊक आहे. परोपकारी पुरुषाच्या घरचीच माणसे पुष्कळदा पोळतात. पुढे त्या पतीकडे आल्या, सोवळेओवळे स्वतःच्या विचाराने टाकले, आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या.

पण टिळकांनी तुकोबांना सोडले नाही हो! तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. देवळातली इंग्रजी चालीची गाणी त्यांना परकी वाटत. म्हणून त्यांनी अभंग रचले, ख्रिस्ताचे कीर्तन उभे केले, ख्रिस्तचरित्र ओवीत मांडावयास घेतले. आपल्या संतांचे हे देणे एवढ्या आदराने दुसऱ्याच्या दारी नेणारा माणूस आम्हांस परका वाटत नाही.

आणि आपल्या खानदेशावर तर त्यांचे ऋण आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा पोर कविता म्हणून गेला आणि 'बालकवी' झाला. टिळकांनी त्याला पुढे नगरास आपल्या घरी ठेवून घेतले. लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे पोटच्या पोरासारखे काढले. त्या ख्रिस्ती घरात राहूनही ठोमरे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. जेवू घालायचे आणि त्याचा मोबदला मागायचा नाही, हे आम्हांस फार मोठे वाटते.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास संन्याशाच्या वृत्तीने 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, त्या दरबारात दोघांनाही जागा होती.

५ मे १९१८ रोजी आपल्या भुसावळच्या अलीकडे, भादली स्टेशनाजवळ, बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. वरणगावाहून जळगावास जाताना ते स्टेशन लागते. दुसऱ्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनीही मुंबईस देह ठेवला. 'ख्रिस्तायन' अपुरेच राहिले होते. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी ते ओवीबद्धच पुढे नेऊन पुरे केले.