ज्या संघटनेला बाहेरचे दार नव्हते

फेब्रुवारी १९४९ मध्ये जिनिव्हात मॉस्कोहून तार आली. सोव्हिएत संघ जागतिक आरोग्य संघटना सोडत होता. संघटनेला जेमतेम दहा महिने झाले होते. युक्रेन आणि बेलारूसनेही तेच कळवले आणि वर्ष-दीड वर्षात पूर्व युरोपातील इतर साम्यवादी देश त्याच वाटेने गेले. पहिले महासंचालक डॉ. ब्रॉक चिझम यांनी मात्र हे राजीनामे मानलेच नाहीत. संघटनेच्या घटनेत बाहेर पडण्याचे कलमच नव्हते!

चिझम मूळचे कॅनडाच्या ओकव्हिलचे, जन्म १८९६चा. पहिल्या महायुद्धात ते खंदकात लढले, पुढे मनोविकारतज्ज्ञ झाले आणि दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या लष्करी वैद्यकीय सेवेचे प्रमुख. बोलण्यात फटकळ. मुलांच्या मनात सांताक्लॉजची कथा खरी म्हणून भरवू नये, असे जाहीरपणे सांगितल्यावर देशभर गदारोळ उठला आणि त्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली. मुत्सद्देगिरीसाठी कोणी सहज निवडावा असा हा माणूस नव्हेच.

पण १९४७ मध्ये इजिप्तमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा संघटना अजून हंगामी आयोगाच्या रूपात होती आणि चिझम तिचे कार्यकारी सचिव होते. त्यांनी अनेक देशांतून लस गोळा करून पाठवली. सुमारे वीस हजार लोक दगावले, तरी साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. त्यात सोव्हिएत लसही होती.

सोव्हिएत तक्रारीत तथ्य होते. युद्धाने मोडलेल्या देशांना सल्ला भरपूर मिळत होता. औषधे आणि यंत्रसामग्री मिळत नव्हती. चिझम यांना ती देता आली नाहीत. मात्र गेलेल्या देशांची नावे यादीतून न काढता त्यांना ‘निष्क्रिय सदस्य’ म्हटले गेले. म्हणूनच काही वर्षांनी परतताना त्यांना नव्याने सदस्यत्व मागावे लागले नाही आणि थकबाकीही नाममात्र रकमेवर मिटली. १९५८च्या मिनीआपोलिस अधिवेशनात परतलेल्या सोव्हिएत संघाचेच विषाणुतज्ज्ञ व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी देवी निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला. पुढे भारतात टोचल्या गेलेल्या देवीच्या लशीच्या कोट्यवधी मात्रा सोव्हिएत देणगीच्या होत्या.

दार ठेवले होते ते एकट्या अमेरिकेने. १९४८ मध्ये सामील होतानाच तिने वर्षभराची नोटीस आणि चालू वर्षाची वर्गणी देऊन बाहेर पडण्याचा हक्क राखला आणि इतरांनी तो मान्य केला. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने त्याच दाराकडे पाऊल टाकले. ऐच्छिक देणग्यांवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी २०३०-३१ पर्यंत मूळ खर्चाचा निम्मा भाग सदस्यांच्या ठरलेल्या वर्गणीतून उभारण्याचे संघटनेने २०२२ मध्येच ठरवले होते. हा निर्णय फार उशिरा झाला.

चिझम यांनी १९५३ मध्ये दुसरी मुदत घेतली नाही. त्या वेळी पूर्व युरोपाच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. १९७१ मध्ये ते वारले, तेव्हा भारतात देवीचे रुग्ण अजून सापडत होते.