चंदीगडच्या घरांचा शिल्पकार

चंदीगड म्हटले की ल कॉर्बुझिए यांचे नाव आठवते. उच्च न्यायालय, विधानभवन, सचिवालय ही काँक्रीटची भव्य निर्मिती त्यांचीच. मात्र या शहरातील कारकून आणि शिपाई संध्याकाळी ज्या घरांत परतत, त्यांपैकी कितीतरी घरांचे आराखडे त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या हातचे आहेत.

१८९६ मध्ये जिनिव्हात जन्मलेले जानरे १९२२ पासून पॅरिसमध्ये कॉर्बुझिए यांचे भागीदार होते. आधुनिक वास्तुकलेचा मानदंड ठरलेले 'व्हिला साव्हॉय' दोघांचे. श्रेय मात्र बहुधा एकालाच मिळाले. १९४० मध्ये भागीदारी तुटली. युद्धकाळात कॉर्बुझिए व्हिशी सरकारच्या दारी गेले, तर जानरे प्रतिकार चळवळीत.

फाळणीने लाहोर गमावलेल्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. १९५१ मध्ये त्यानिमित्ताने दोघे पुन्हा एकत्र आले. कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येत. मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे ब्रिटिश दांपत्य तीन वर्षांनी परतले. जानरे मात्र तेथेच राहिले. सरकारी घरांच्या हुद्द्यांनुसार तेरा श्रेणी होत्या. मुख्यमंत्र्यांपासून शिपायापर्यंत! ही उतरंड समाजवादी स्वप्नाशी विसंगतच होती. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, शौचालय आणि अंगण मिळाले. सिमेंट व पोलाद महाग, वीट स्थानिक आणि स्वस्त. म्हणून विटांच्या जाळ्या, खोल सज्जे आणि लहान खिडक्या यांनीच उन्हाला अडवायचे, असा हिशेब त्यांनी मांडला. आराखड्यांना श्रेणीचा क्रमांक व वास्तुकाराच्या नावाचे आद्याक्षर जोडले जाई. जानरे स्वतः सेक्टर पाचमधील 'चार-जे' श्रेणीच्या घरात राहत.

फर्निचरही त्यांनी साग आणि वेतात घडवले. पुढे कार्यालयांनी ते भंगारात काढले आणि परदेशी लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखोंची बोली लागली. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्याची दखल घ्यावी लागली. तोवर बरेच काही देशाबाहेर गेले होते.

प्रकृती ढासळल्याने १९६५ मध्ये त्यांनी चंदीगड सोडले. ४ डिसेंबर १९६७ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. ज्या सुखना तलावावर ते स्वतः बनवलेली होडी चालवत, त्याच तलावात १९७० मध्ये त्यांच्या इच्छेनुसार पुतणीने त्यांची रक्षा विसर्जित केली. सेक्टर पाचमधील त्या घरात २०१७ मध्ये संग्रहालय सुरू झाले.