चाकांच्या खुर्चीतील शल्यविशारद : डॉ. मेरी वर्गीस



बंगळूरच्या निम्हान्समध्ये किंवा सेंट जॉन्स रुग्णालयात एखाद्या आप्तेष्टाला घेऊन आपण गेला असाल, तर भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे काम आपल्या पाहण्यात आले असेल. आधारासाठी दोन समांतर दांडे, उभे राहण्याची ढब दाखविणारा उंच आरसा, आणि घामाघूम होऊन एकेक पाऊल टाकणारे रुग्ण. येथे शस्त्रे चालत नाहीत, औषधेही फारशी दिली जात नाहीत. म्हणून पुष्कळांना हा उपचार दुय्यम वाटतो. तो दुय्यम नाही, हे ज्यांनी स्वतःच्या देहाने पटवून दिले, अशा एका भगिनीचे चरित्र आज आपणापुढे ठेवीत आहोत. बंगळूरहून चेन्नईला जाताना वाटेत काटपाडी स्थानक लागते. त्याच्याजवळचे वेल्लोर ही त्यांची कर्मभूमी होय.

मेरी वर्गीस यांचा जन्म १९२५ साली कोचीनजवळ एका सुस्थितीतील सिरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. डॉक्टर होण्याची ओढ त्यांना वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात घेऊन आली. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली केवळ एका खाटेच्या दवाखान्यापासून आरंभिलेले आणि १९१८ पासून स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणारे हे सेवाकार्य तोपर्यंत चांगलेच विस्तारले होते. मेरी डॉक्टर झाल्या. स्त्रीरोगांच्या चिकित्सेत प्रावीण्य मिळवावे व स्त्रियांची सेवा करावी, असे त्यांच्या मनात होते.

परंतु ३० जानेवारी १९५४ रोजी त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. सहकारी डॉक्टरांबरोबर त्या मोटारीने सहलीस निघाल्या असता गाडी उलटली. त्यांच्या चेहऱ्यावर खोल जखम झाली. पाठीच्या कण्यास जबर दुखापत होऊन कमरेखालचा भाग लुळा पडला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. ज्या रुग्णालयात त्या रुग्णांना तपासीत असत, तेथेच त्या रुग्ण होऊन निजल्या.

मज्जारज्जू तुटला की तो पुन्हा जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण बहुधा काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत दगावत. मृत्यूचे कारण प्रत्यक्ष दुखापत नसे. अंगाखाली पडणारे शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे असे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून या दृष्टिकोनात पालट घडवून आणला. रुग्णाची कूस ठराविक वेळाने, रात्रीदेखील, बदलावयाची. सांधे आखडू नयेत म्हणून ते दररोज हलवावयाचे. आणि हात, खांदे व छाती यांना इतके बळकट करावयाचे की त्यांनी पायांचेही काम करावे. हे सर्व कंटाळवाणे, दिसण्यात क्षुल्लक, परंतु जीव वाचविणारे काम आहे.

मेरी यांच्या वाट्याला हेच काम आले, आणि त्यापूर्वी अनेक वेदनामय शस्त्रक्रियाही आल्या. आपण पुन्हा चालू लागावे, अशी त्यांनी देवाजवळ किती कळकळीने प्रार्थना केली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पाय परत मिळाले नाहीत. देवाने आपल्याला टाकले काय, या प्रश्नातून त्यांना जावे लागले. श्रद्धावान माणसाला असा प्रश्न पडतच नाही, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याच काळात डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांच्यापुढे एक विलक्षण प्रस्ताव मांडला. ब्रँड हे मिशनरी दांपत्याचे पुत्र. ते १९४६ मध्ये वेल्लोरला आले होते. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने मांस सडते म्हणून नव्हे, तर मज्जातंतू निकामी होऊन वेदनेची जाणीव गेल्यामुळे भाजणे, कापणे, घासणे या इजा कळत नाहीत म्हणून, हे त्यांनी दाखवून दिले. पक्ष्याच्या नखीसारख्या वाकलेल्या हातात ते शस्त्रक्रियेने पुन्हा हालचाल आणीत. हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते; तेव्हा मेरी यांनी चाकांच्या खुर्चीत बसून ती शिकावी, असे ब्रँड यांनी सुचविले. ज्या पायांचे दुःख त्या करीत होत्या, त्यांची या कामाला गरजच नव्हती!

मेरी शिकल्या, आणि कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. येथे भौतिकोपचाराचे मर्म ध्यानात येते. या शस्त्रक्रियेत सुस्थितीतील स्नायूची कंडरा दुसऱ्या जागी जोडतात. प्लास्टर काढल्यावर त्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. रुग्णाने आठवडेच्या आठवडे व्यायाम केला नाही, तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. अर्धे काम डॉक्टरांचे, अर्धे रुग्णाचे. स्वतः त्याच शिस्तीतून गेलेल्या डॉक्टरांनी ते सांगावे, याचे मोल रुग्णांना निराळे समजवावे लागत नसे.

पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे त्यांनी स्वतः उपचार घेतले. त्यानंतर न्यूयॉर्क येथे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या वेल्लोरला परतल्या व त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण आणि हाजीअली येथील पुनर्वसन संस्थेचे कार्य त्यापूर्वीच, १९५० च्या दशकात, सुरू झाले होते. तथापि अपंग रुग्णाला निवासी ठेवून त्याला घरी व समाजात पुन्हा उभे करण्याची सोय आपल्या देशात दुर्मिळच होती. १९६६ साली वेल्लोर येथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये भारत सरकारने मेरी यांना पद्मश्री देऊन गौरविले. डिसेंबर १९८६ मध्ये त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या.

वाचकहो, हे चरित्र केवळ आदराने वाचून बाजूला ठेवावयाचे नाही. आपल्या घरांत मधुमेह, संधिवात, अर्धांगवायू, हृदयविकार यांनी ग्रासलेली वडीलधारी माणसे आहेत. आपण त्यांच्यावर प्रेम करतो, आणि प्रेमापोटीच त्यांना उठू नका, दगदग करू नका, असे सांगत राहतो. पाण्याचा पेलाही हाती आणून देतो. त्यामुळे सांधे आखडतात, स्नायू झिजतात आणि पलंगाची सवय लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांनीही, ज्यांना शक्य आहे त्यांनी, आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. तितकी न जमल्यास थोडी तरी करावी. किती व कोणती, हे डॉक्टरांना व भौतिकोपचारतज्ज्ञांना विचारून ठरवावे. खुर्चीत बसताना पाठीला आधार असावा, पावले अधांतरी नसावीत. मधुमेहाने पावलांची संवेदना गेली असल्यास ती दररोज पाहावीत. कारण ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांत जे पाहिले, तेच तेथेही घडते.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे मंडळीचे कर्तव्यच आहे. त्याच्याबरोबर अंगणात दहा पावले चालणे, हेही त्याच कर्तव्यात मोडते. पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून कफर्णहूमातील त्या घरात नेले, तेव्हा त्यांच्या विश्वासाला खांदेही होते. बरे होणे म्हणजे गेलेले सर्व परत मिळणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो, तर डॉ. मेरी वर्गीस कधीच बऱ्या झाल्या नाहीत, असे म्हणावे लागेल. परंतु ज्या हातांना त्यांनी पुन्हा घास उचलावयास लावले, ते हात तसे म्हणू देणार नाहीत. गेलेल्या पायांचा हिशेब त्यांनी प्रभूच्या स्वाधीन केला, आणि उरलेल्या दोन हातांचा मात्र दररोज चोख दिला.