हातचा गेलेला गरिंचा

खेळाच्या इतिहासात निवडलेल्यांइतकीच नाकारलेल्यांचीही कथा असते. पुढे जगज्जेता ठरलेला खेळाडू एकदा आपल्या दाराशी येऊन परत गेला, ही खंत अनेक फुटबॉल क्लबांच्या वाट्याला आली आहे. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो या शहरातल्या तीन क्लबांना मात्र ही खंत एकाच माणसाने दिली. त्याचे नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जग त्याला गरिंचा म्हणून ओळखते.

गरिंचाचा जन्म ऑक्टोबर १९३३ मध्ये रिओच्या परिसरातील पाउ ग्रांदे या गावी झाला. गाव कसले, एका कापडगिरणीभोवती वसलेली कामगारांची वस्तीच ती! नोकरी गिरणीची आणि फुटबॉलचा संघही गिरणीचाच. गरिंचा हे एका चिमुकल्या पाखराचे नाव. अंगाने लहानखुरा म्हणून बहिणीने ते त्याला दिले आणि तेच कायमचे चिकटले. त्याचे पाय वाकडे होते. उजवा आत वळलेला, तर डावा बाहेर वळलेला आणि सुमारे सहा सेंटिमीटरने आखूड. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामात त्याचे लक्ष नसे. पण गिरणीच्या संघाला तो हवा होता, म्हणून नोकरी टिकली.

अशा मुलाला मोठ्या क्लबांच्या निवडचाचणीला जाण्याचा सल्ला मित्रांनी दिला नसता तरच नवल. तो प्रथम वास्को द गामा या क्लबाकडे गेला. गोव्यातील शहराप्रमाणेच या क्लबालाही त्या पोर्तुगीज खलाशाचे नाव आहे. गरिंचाने बूट आणले नव्हते, म्हणून त्याला न खेळवताच परत पाठवण्यात आले. साओ क्रिस्तोवाओ क्लबाने त्याला मैदानात घेतले खरे, पण खेळ संपत आला तेव्हा. एवढ्या वेळात कोण काय दाखवणार? फ्लुमिनेन्स क्लबात तो आपल्या पाळीची वाट पाहत बसला. दिवस कलला, गावाकडे जाणारी शेवटची गाडी चुकेल अशी भीती वाटू लागली आणि बोलावणे येण्यापूर्वीच तो उठून स्टेशनाकडे चालू लागला. ज्या क्लबांनी त्याला गमावले, त्यांनी त्याचा खेळ पाहून त्याला नाकारले नव्हते. त्यांनी तो पाहिलाच नव्हता.

चौथा क्लब बोटाफोगो. या क्लबातून खेळलेल्या आराती नावाच्या खेळाडूने पाउ ग्रांदे येथे त्याचा खेळ पाहिला आणि त्याला बोलावणे धाडले. हे १९५३ साल होते. चाचणीत त्याच्यासमोर उभा होता निल्टन सांतोस, ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा डावा बचावपटू. एकोणीस वर्षांच्या या गिरणीकामगाराने त्या नामांकित खेळाडूला हुलकावणी देऊन चेंडू पुढे नेला. दुसरा एखादा खेळाडू या अपमानाने चिडला असता. निल्टन सांतोसने मात्र या मुलाला ताबडतोब करारबद्ध करण्याचा आग्रह धरला. रत्नपारखी म्हणतात तो असा. जुलैमध्ये बोनसुसेसोविरुद्धच्या पहिल्याच अधिकृत सामन्यात गरिंचाने तीन गोल केले.

दैवाचा खेळ पाहा. १९५७ साली रिओच्या अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात बोटाफोगोसमोर फ्लुमिनेन्सच उभा ठाकला. बोटाफोगोने तो सामना सहा विरुद्ध दोन असा जिंकला आणि त्यात एक गोल गरिंचाचा होता.

पुढची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. १९५८ च्या स्वीडनमधील विश्वचषकात पहिल्या दोन सामन्यांत त्याला वगळले होते. तिसऱ्या सामन्यात, सोविएत संघाविरुद्ध, तो आणि सतरा वर्षांचा पेले एकदमच संघात आले. अंतिम सामन्यात वावाने केलेले दोन गोल गरिंचाने उजव्या बगलेवरून पुरवलेल्या चेंडूंवर झाले. १९६२ साली चिलीत पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला, तेव्हा संघाचा भार या वाकड्या पायांवर आला. इंग्लंडविरुद्ध दोन, चिलीविरुद्ध दोन असे गोल करून त्याने ब्राझीलला अंतिम फेरीत नेले आणि चषक पुन्हा ब्राझीलकडे आला. पेले व गरिंचा एकत्र खेळले, असा एकही सामना ब्राझील हरला नाही.

पण ज्या क्लबाला तो मिळाला, त्याने तरी त्याला सांभाळले काय? गरिंचाला व्यवहार कळत नसे. तो कोऱ्या करारावर सही करी आणि आकडा क्लब भरी. त्याचे गुडघे झिजत होते, तरी इंजेक्शने टोचून त्याला मैदानात उतरवले जाई. कारण त्याच्या नावावर तिकिटे खपत. १९६४ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीचा वेग परतला नाही. १९६६ मध्ये बोटाफोगोने त्याला कोरिंथियन्स क्लबाला विकले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात हंगेरीकडून झालेला पराभव हा राष्ट्रीय संघातील त्याचा शेवटचा सामना. त्या संघातून खेळताना तो हरला तो एवढाच.

दारूचे व्यसन त्याला फार पूर्वीपासून होते. वडीलही त्याच मार्गाने गेले होते. प्रख्यात गायिका एल्झा सोआरेस हिने त्याला सावरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तो संसारही मोडला. १९७३ मध्ये माराकाना मैदानावर त्याच्या निरोपाच्या सामन्याला लाखावर प्रेक्षक जमले. २० जानेवारी १९८३ रोजी एकोणपन्नासाव्या वर्षी तो रिओमध्ये वारला. अंत्यदर्शनासाठी देह माराकानावर ठेवला होता. तेथून पाउ ग्रांदेच्या वाटेवर माणसांची रीघ लागली होती.

ऊस वाकडा निघाला म्हणून शेतकरी तो बांधावर फेकून देत नाही. तीन क्लबांनी बूट पाहिले, घड्याळ पाहिले आणि खेळ पाहायचे राहून गेले. त्यांची चूक आपल्या लगेच ध्यानात येते आणि आपण त्यांना हसतो. चौथ्याची चूक तितकी सहज दिसत नाही. त्याने खेळ ओळखला, पाय वापरले आणि त्या पायांवर उभा असलेला माणूस पाहायचा राहून गेला. गुणी माणूस हातचा जातो, तो काही दारातूनच परतला पाहिजे असे नाही. घरात घेतल्यावरही तो जाऊ शकतो. निवड करणाऱ्याचे काम निवडीपाशी संपत नाही, हे गरिंचाचे आयुष्य वाचताना पुन्हा पुन्हा जाणवते.