मेंदूचे चित्रकार : सान्तियागो रामोन इ काहाल

शिक्षक मित्रांनो, पालकहो, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणाऱ्या मुलाला रागावण्याआधी काहाल यांना आठवा. जन्म १८५२, स्पेन. शाळेत मन रमेना, नाद फक्त चित्रांचा! डॉक्टर वडिलांनी वैतागून त्यांना न्हाव्याकडे, बूट शिवणाऱ्याकडेही कामाला ठेवलं. पुढे वडिलांनीच हाडांची चित्रं काढायला लावून शरीररचना शिकवली आणि पोराला वाट सापडली. गोल्जींच्या पद्धतीने रंगवलेले पक्ष्यांच्या लहान मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १८८८ मध्ये काहाल यांनी दाखवलं, की चेतापेशी सलग जाळं नसून सुट्या असतात. गोल्जी मात्र जाळंच मानत राहिले. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं! चेतापेशीची आकृती फळ्यावर काढताना मुलांना हे जरूर सांगा. आणि ते मागचं पानही एकदा बघा.