मॅसी ट्रॅक्टरच्या नावातला फर्ग्युसन, ज्यानं आधी स्वतःचं विमान बांधलं

आपल्याकडं मॅसी म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण बॉनेटवर मॅसीच्या पुढं फर्ग्युसन हे आडनाव असतं, ते कुणाचं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. हा माणूस आयर्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा पोरगा. ट्रॅक्टरला हात लावण्याआधी त्यानं स्वतः विमान बांधलं आणि स्वतःच चालवलं. तेही 1909 साली, जेव्हा विमान ही गोष्ट बहुतेकांनी पाहिलीसुद्धा नव्हती.

हॅरी फर्ग्युसनचा जन्म 4 नोव्हेंबर 1884 चा. गाव ग्रोवेल, उत्तर आयर्लंडच्या डाउन परगण्यात, ड्रोमोरजवळ. अकरा भावंडांचं घर, वडील कडक धार्मिक. हॅरीला शेतातली मरमर पटत नव्हती. घर सोडून कॅनडाला जायचा विचार चालला होता. तेवढ्यात थोरल्या भावानं, जोनं, बेलफास्ट शहरात सायकल-मोटार दुरुस्तीचं गॅरेज काढलं आणि 1902 मध्ये हॅरीला हाताखाली घेतलं. इंजिनाच्या कामात पोराचा हात बसला. बिघडलेलं इंजिन ताळ्यावर आणण्यात त्याचं नाव झालं. मोटारसायकलच्या शर्यतींतही तो उतरायला लागला.

अमेरिकेत राइट बंधूंचं विमान 1903 मध्ये उडालं होतं. जुलै 1909 मध्ये ब्लेरिओ या फ्रेंच माणसानं विमानानं इंग्लिश खाडी ओलांडली आणि सगळ्या युरोपात विमानाचं वारं शिरलं. त्या वर्षी फ्रान्समध्ये रीम्सला आणि इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला विमानांचे मेळावे भरले. हॅरी ते बघायला गेला, पण जत्रा बघितल्यासारखा नाही. विमानांच्या जवळ जाऊन त्यानं मापं घेतली, टिपणं केली. आपण नवं अवजार घेण्याआधी दुसऱ्याच्या शेतात जाऊन ते वाकून वाकून बघतो ना, तसंच.

परत आल्यावर बेलफास्टच्या मे स्ट्रीटवरच्या गॅरेजमध्ये काम सुरू झालं. एकाच पंखाच्या जोडीचं विमान, ज्याला मोनोप्लेन म्हणतात. त्या काळची अशी विमानं म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड आणि सगळं जागेवर धरायला तारा. इंजिन मात्र विकत आणलं, जॅप कंपनीचं, आठ सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं, 35 हॉर्सपॉवरचं. आज आपल्याकडच्या साध्या ट्रॅक्टरला असते तेवढीच ही ताकद, पण तेवढ्यावर माणसासकट यंत्र जमिनीवरून उचलायचं होतं.

इथं एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरी बांधलेल्या विमानाची पहिली भरारी ही सगळ्यात धोक्याची. गाडी बिघडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. विमान वर गेल्यावर कडेला लावता येत नाही. त्यात शिकवणारा कुणी नाही. बांधणारा तोच आणि चालवणाराही तोच. वजन पुढं जास्त झालं तर नाक खाली जातं, मागं जास्त झालं तर शेपूट बसते. पुढचा लाकडी पंखा थोडा जरी असमतोल असला तरी सगळं यंत्र थरथरतं. त्याचा आकार चुकला तर इंजिन कितीही ओरडलं तरी विमान फक्त जमिनीवर पळतं. म्हणून खरं काम उडायच्या आधीचं असतं. हॅरीनं आणि गॅरेजमधल्या माणसांनी विमानात पुन्हा पुन्हा बदल केले. एकदा बांधलं आणि उडवलं असं झालं नाही.

डिसेंबरमध्ये विमान मोटारीच्या मागं बांधून बेलफास्टच्या रस्त्यांवरून हिल्सबरोला नेलं. अंतर साधारण वीस किलोमीटर. तिथल्या मोठ्या पार्कात मोकळी जागा होती. पण तिथं पोचल्यावर पंख्यानंच त्रास दिला. तो निस्तरला तर हवा बिघडली. ऐन थंडीचे दिवस, वारा थांबायला तयार नाही. जवळजवळ आठवडा असा गेला. आभाळाकडं बघत बसणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सोयाबीन काढून पडलंय आणि ढग हटत नाहीत, तसलंच ते बसणं.

शेवटी 31 डिसेंबर 1909, वर्षाचा शेवटचा दिवस. वारा त्या दिवशीही जोराचा होता. इंजिन सुरू झालं, विमान गवतावरून पळालं आणि चाकं जमिनीवरून सुटली. विमान दहाएक फूट वर आलं, 130 यार्ड गेलं आणि खाली उतरलं. 130 यार्ड म्हणजे 119 मीटर, चौकोनी एकराच्या दोन बांधांइतकंही अंतर नाही. पण आयर्लंडच्या जमिनीवरून इंजिनाच्या विमानानं माणूस उडाल्याची ही पहिली नोंद. हॅरी तेव्हा 25 वर्षांचा होता.

पुढच्या वर्षी त्यानं विमान आणखी सुधारलं. न्यूकॅसल नावाच्या समुद्रकाठच्या गावात 100 पौंडांचं बक्षीस लागलं होतं. ऑगस्ट 1910 मध्ये त्यानं किनाऱ्यावरून जवळजवळ तीन मैल उडून ते जिंकलं. अपघातही झाले. या उडण्यावरून दोघा भावांत फाटलं. विमानातला धोका आणि त्या धंद्याला पुढं भवितव्य आहे का, हा वादाचा मुद्दा होता. 1911 मध्ये हॅरी वेगळा झाला आणि त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं. विमान मात्र पुढं सुटलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. धान्याची टंचाई झाली, ट्रॅक्टर यायला लागले आणि हॅरी ते विकायला लागला. 1917 मध्ये सरकारी शेती खात्यानं त्याला आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारायला नेमलं. गावोगावी फिरताना त्याला एक वाईट गोष्ट दिसली. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता ओढला जायचा. फाळ दगडात किंवा मुळीत अडकला की मागची चाकं जागेवर थांबायची, इंजिनाचा जोर मात्र चालूच. मग पुढची चाकं उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागं उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर. अशी माणसं मरत होती.

यावर त्यानं वर्षानुवर्षं काम केलं. नांगर ओढायचा नाही, तो ट्रॅक्टरलाच जोडायचा. खाली दोन आणि वर एक, अशा तीन ठिकाणी. शिवाय हायड्रोलिकनं तो उचलायचा आणि खोली सांभाळायची. फाळाला जमिनीचा अडथळा झाला की वरच्या टॉप लिंकमधून दाब पुढं येतो आणि ट्रॅक्टरचं पुढचं तोंड खाली धरतो. जो अडथळा आधी माणसाला मारायचा, तोच आता ट्रॅक्टर जमिनीला धरून ठेवायला लागला. 1926 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. विमान बांधणाऱ्याला वजन कुठं पडतं, जोर कुठून येतो आणि कुठं जातो, हा हिशोब चुकवून चालत नाही. तोच हिशोब हॅरीनं शेतात आणला, असं मला वाटतं.

1938 मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला, कागद नाही. फोर्डच्या नातवानं तो मोडला. कोर्टकचेरी झाली आणि 1952 मध्ये हॅरीला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. 1946 पासून इंग्लंडमध्ये त्याचा छोटा राखाडी टीई-20 ट्रॅक्टर निघायला लागला, दहा वर्षांत पाच लाखांहून जास्त. एव्हरेस्टवीर हिलरी 1958 मध्ये असलेच ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला. 1953 मध्ये कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली आणि पुढं मॅसी फर्ग्युसन नाव झालं. 25 ऑक्टोबर 1960 ला हॅरी गेला. त्याच वर्षी मद्रासला टॅफे कंपनी सुरू झाली आणि तिच्यामार्फत हे नाव आपल्या वावरात आलं.

आज कंपनी कुठलीही असो, रोटाव्हेटर, नांगर, पेरणीयंत्र सगळं त्याच तीन जागी जोडलं जातं. पण चिखलात रुतलेली गाडी किंवा झाडाचा बुंधा ओढायला आपल्यातले काही जण साखळी वरच्या टॉप लिंकच्या पिनला अडकवतात. तसं केलं की सगळा हिशोब उलटा होतो. जोर धुऱ्याच्या वरून येतो, पुढचं तोंड उचललं जातं आणि शंभर वर्षांपूर्वीचाच अपघात पुन्हा होतो. ओढायचं असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा. तो आठवडाभर वारा पडायची वाट बघत थांबला होता, आपल्याला साखळी बदलायला दोन मिनिटं लागतात.